मेलेल्या वळूचे उपकार

आमच्या घरावर एका मेलेल्या वळूचे उपकार आहेत. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. तो वळू मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याचं नावही मला ठाऊक नाही. पण सकाळी देवाला हात जोडताना एक नमस्कार मी त्याच्यासाठी वेगळा काढतो. बायको विचारते, हा कुणाला? मी म्हणतो, आहे एक पाहुणा.

मी नागनाथ, पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात नोकरीला. माझी थोरली बहीण छबूबाई, आमची आक्का, पेडगावला दिलेली. तिचे यजमान आप्पाराव म्हणजे माझे दाजी. माणूस सोन्यासारखा, पण एकदा नाही म्हटलं की बैलजोडी लावून ओढलं तरी जागचा हलायचा नाही. गोठ्यात लाल कंधारी जनावरं. माणसांपेक्षा यांचा जीव गोठ्यात जास्त, असं आक्का तोंडावर म्हणायची आणि दाजी ते नाकारायचेही नाहीत.

गावात ढोराच्या दवाखान्यात किशनराव म्हणून एक गृहस्थ होते. गाईला बैलाकडे न नेता नळीनं भरवायचं काम ते करत. सायकलच्या कॅरिअरला दुधाच्या कॅनसारखं एक भांडं बांधलेलं असायचं. झाकण काढलं की आतून पांढरा धूर निघायचा. त्या गारठ्यात चांगल्या जातीच्या वळूंचं वीर्य बारीक नळ्यांमध्ये गोठवून ठेवलेलं असे. सगळं गाव तो धूर बघायला जमायचं. दाजींनी मात्र किशनरावांना गोठ्याच्या दारातूनच वाटेला लावलं होतं.

"किशनराव, तुमचा आन् माझा काय वाद न्हाई," दाजी म्हणाले होते, "पर गारठलेलं ते मेलेलं. मेलेल्यातून जित्राब होत न्हाई. माझ्या गाईला बैलच पायजे."

हे गाईगुरांचं पुराण मी कशाला लावलं, ते आता सांगतो.

एकोणनव्वद साली दाजींच्या एकुलत्या एका मुलाच्या, भुजंगच्या, गळ्याला गाठ आली. पोरगं जेमतेम चोवीस वर्षांचं. नर्मदाशी लग्न होऊन वर्षही उलटलं नव्हतं. आधी घरचे लेप झाले. मग परभणीच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मुंबईला न्या म्हणाले. मी रेल्वेचा माणूस, तेव्हा मुंबई ओघानंच माझ्या गळ्यात आली. दाजी, भुजंग आणि मी मनमाडला गाडी बदलून गेलो. वाटेत तिघांच्या मिळून दहा वाक्यंही झाली नसतील.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. बाईंनी खुर्च्या दिल्या, हीच मला पहिली मेहेरबानी वाटली.

"गाठींचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या, "पण ह्या जातीच्या कॅन्सरला औषध चांगलं लागू पडतं. हा मुलगा बरा होईल, अशी मला पुष्कळ आशा आहे."

दाजींनी बसल्या जागी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी दस्तीनं पुसलं.

"आणखी एक गोष्ट," बाई भुजंगकडे बघत म्हणाल्या. "ही इंजेक्शनं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. रोगाच्या मारतात तशा चांगल्याही मारतात. तुझे केस जातील, ते परत येतील. पण पुरुषाच्या वीर्यात मूल होण्याची जी ताकद असते, ती ह्या औषधानं एकदा गेली की बहुतेकांची परत येत नाही. म्हणून इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं. दादरला एका दवाखान्यात ही सोय आहे. पुढं तू बरा झालास की त्यातून तुझ्या बायकोला दिवस राहू शकतात. खात्री मी देत नाही. पण वाट उघडी राहते."

बाईमाणसाच्या तोंडून हे ऐकून दाजी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघायला लागले. भुजंगचे कान लालभडक झाले. मी तरी कुठे बघणार? मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

"काय करायचं, भुजंग?" बाईंनी विचारलं.

"आबा म्हणतील तसं."

आणि आबा म्हणाले, "बाई, माझं लेकरू वाचवा. ते दुसरं काय नको आमाला."

बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात इलाज सुरू करायचा, तोवर घरी जाऊन राहायची तयारी करून या आणि बायकोशी बोल, एवढंच त्या भुजंगला म्हणाल्या.

मनमाड येईपर्यंत मी तोंड दाबून बसलो. मनमाडला चहाचा कप हातात आला आणि माझा तोल सुटला.

"दाजी, लग्न झालेल्या पोराचं तुमी परस्पर नको म्हणून सांगता? त्याला इचारलं? नर्मदाला इचारलं?"

"तू गप ऱ्हा, नागनाथ. गारठलेलं ते मेलेलं."

"अवो, त्या शिकलेल्या बाई सांगायल्या!"

"सांगू दे. त्यातून उद्या भलतंच काय जल्मलं म्हंजी? आन् गाव काय म्हणंल? आप्पारावाचा नातू भांड्यातून काढला म्हणतील. पोराला जिंदगीभर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

भुजंग खिडकीशी बसून सगळं ऐकत होता. त्यानं गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला आणि डोळे मिटले. माझा चहा तसाच गार झाला.

पेडगावला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दाजी घरात न शिरता थेट गोठ्यात गेले. सुख झालं तरी तिथं, दुःख झालं तरी तिथंच. गोठ्यात तांबू नावाची कालवड होती, तिच्यावर दाजींचा भारी लोभ. अंगानं भरलेली, रंगानं गूळ उतू जावा तशी. दाजी तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत उभे राहिले आणि ती मान वर करून डोळे मिटून उभी राहिली. मी आक्काला आणि नर्मदाला गोठ्यातच बोलावून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. दाजींचं नकोसुद्धा सांगितलं.

नर्मदा घरात नवी. सासऱ्यासमोर मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी ती खाली बघतच बोलली, पण बोलली भुजंगशी.

"तुमाला लाज वाटायलीय. मला भेव वाटायलंय. आधी तुमी वाचा, दुसरं मला काय नको. पर तुमी वाचल्यावर आपल्याला लेकरू पायजे असलं आन् तवा हातात काहीच नसलं, तर मी कुणाला बोलू?"

भुजंग म्हणाला, "मला बी पायजे वाटतंय." इतकं हळू म्हणाला की ते गाईला ऐकू गेलं असेल तर असेल.

दाजींनी वळून पाहिलं नाही. "मेलेल्यातून जित्राब होत न्हाई," ते तांबूला म्हणाले.

तेव्हा माझी बहीण पुढं झाली. आक्का म्हणजे नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई, असा माझाही समज होता.

"भुजंगाचे आबा," ती म्हणाली, "तुमी ज्या कालवडीला कुरवाळायलाव, ती नळीतली हाय."

दाजींचा हात थांबला. तांबूनं डोळे उघडले.

"चंद्री लागोपाठ उलटायली व्हती, गाभण म्हणून ऱ्हात न्हवती, आठवतंय का?" आक्का सांगत होती. चंद्री म्हणजे तांबूची आई. "तात्यारावाच्या बैलाकडं नेऊन नेऊन बेजार झाले तुमी. मंग म्हणले, जत्रंहून आलो की इला बाजार दाखवतो. तुमी पोखर्णीच्या जत्रंला गेले आन् तीच येळ साधून ती माजावर आली. मला तिला इकू द्यायची न्हवती. मी किशनरावाला बोलवून घेतलं. ते मागच्या कुंपणातून आले, नळी भरली आन् गेले."

"मी आल्यावर तिला तात्याच्या बैलाकडं नेलतं," दाजी म्हणाले.

"नेलतं की! आन् तिनं बैलाला लाथ घातली, जवळ येऊ दिलं न्हाई, असं तुमीच येऊन सांगितलं. पुढं गाभण ऱ्हायली तवा इसरले. तात्यारावाच्या बैलाला घमेलंभर सरकी पेंड चारून आले, आपल्या घरची!"

मला हसू फुटलं. काय करू? पोराच्या गळ्याला गाठ, पुढं काय होणार माहीत नाही, आणि मला तो पेंड खाणारा बैल दिसत होता. नर्मदानं पदर तोंडाला लावला.

"आजून एक सांगते," आक्का म्हणाली. "नळी भरून झाल्यावर किशनरावांनी मला सांगितलं, की ज्या वळूची ती नळी, तो वळू मरून दोन सालं झाली व्हती. वळू मेला, पर नळीतलं मेलं न्हवतं. ही बगा तुमच्या म्होरं उभी हाय. सांगा, मेलेली हाय का ही?"

दाजींनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि बाहेर पडले. ते रागानं कुठं जातायत म्हणून मी मागोमाग धावलो. ते सरळ किशनरावांच्या घरी गेले. किशनराव ओट्यावर पाय धूत होते. दाजींना बघून त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. चोरी उघडी पडली हे त्यांनी ओळखलं असावं.

"किशनराव, एकच इचारतो," दाजी उभ्या उभ्याच म्हणाले. "माझ्या चंद्रीला भरवलं तवा तो वळू मेलेला व्हता का?"

"व्हय, आप्पाराव. पर बाईमाणसावर राग काढू नका. माझी गल्लत..."

"ते ऱ्हाऊ द्या. नळी भरून ठिवली तवा तो जित्ता व्हता?"

"जित्ता व्हता म्हणून तर भरली. चांगला हिंडता-फिरता व्हता. आजारी पडल्यावर, मेल्यावर मागून काय घेता येतंय? आधीच घेऊन ठिवावं लागतं."

दाजी ओट्याच्या कडेवर बसले. किशनरावांनी पाणी आणून दिलं, ते घटाघटा प्यायले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले. दाजींचा हात मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हाताऱ्याचा वाटला, आणि मनमाडला त्यांच्यावर ओरडलो त्याचं वाईट वाटलं.

सकाळी आम्ही चहा घेत होतो तर दाजी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारात उभे. हातात पिशवी.

"मी पोखर्णीला चाललो. नरसिंहाच्या पायावर डोकं ठिवून येतो. दोन दिस तिकडंच ऱ्हाईन," ते म्हणाले. मग आक्काकडे न बघता, चपलेचा अंगठा नीट करत म्हणाले, "माघारी तुमाला काय करायचं ते करा."

ते वळणाआड झाले. मग आक्का आधी हसली आणि हसता हसता मटकन खाली बसली. "नागनाथ, ऊठ," ती म्हणाली, "गाडीचं बघ." माझ्या दाजींना हो म्हणता येत नव्हतं, म्हणून ते घरातून निघून गेले होते. असं हो मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही.

त्याच दिवशी भुजंग, नर्मदा आणि मी निघालो. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, आम्ही दादरच्या त्या दवाखान्यात गेलो. भुजंगला एका खोलीत पाठवलं, मधे एकेक दिवस सोडून पुन्हा बोलावलं, असं इंजेक्शनाच्या आधी जेवढं जमलं तेवढं केलं. मी बाहेर बाकावर बसून एकच वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचत होतो. शेवटच्या दिवशी तिथल्या माणसानं भुजंगच्या नावाच्या बारीक कुप्या दाखवल्या आणि आमच्यासमोर एका मोठ्या भांड्याचं झाकण उघडलं. पांढरा धूर जमिनीवर उतरला.

"मामा!" भुजंग ओरडला. "हे तर आपल्या किशनरावांचंच भांडं हाय की!"

आणि गाठ आल्यापासून पहिल्यांदा तो पोटभर हसला. नर्मदाही हसली. तिथल्या माणसाला काही कळलं नाही, पण तो भला माणूस, तोही हसला.

इलाजाचे महिने मी फार सांगत नाही. पोराला उलट्या इतक्या व्हायच्या की पाण्याचा वाससुद्धा सोसायचा नाही. केस गेले, भुवया गेल्या. धर्मशाळेत नर्मदा त्याला पेज भरवायची आणि सुट्टी मिळेल तशी मी फेरी मारायचो. पण गाठी विरघळल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि "काही लागत नाही हाताला" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला दटावलं. मी तरी पडलोच.

बाईंनी सांगितलेलं दुसरंही खरं झालं. दोन वर्षांनी भुजंगची तपासणी केली. वीर्यात काहीच उरलं नव्हतं. पुन्हा वर्षभर थांबून बघितलं, तरी तेच. भुजंग पूर्णेला माझ्याकडे आला आणि पार्सल ऑफिसाच्या पायरीवर बसला. मला वाटलं, आता हा कोलमडणार.

"मामा," तो म्हणाला, "त्या दिशी आबा पोखर्णीला गेले नसते तर आज मी नर्मदाला काय सांगितलं असतं?"

मी त्याला जवळ घेतलं. माझ्या सायबानं आतून पाहिलं आणि तो दुसरीकडे निघून गेला.

मग मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या. गोठवलेल्या कुप्यांतलं थोडं काढायचं आणि नर्मदाच्या पोटात सोडायचं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. कुप्या संपत आल्या. आता एकदाच पुरेल एवढं आहे, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा सगळ्यांचीच तोंडं उतरली. आक्का म्हणाली, "आवो, तुमी पोखर्णीला जाऊन या की. तुमी गेलात की चांगलं व्हतंय."

दाजींनी पिशवी भरली, पण ते परभणीच्या स्टेशनावर आमच्याबरोबर येऊन उभे राहिले.

"ह्या खेपेला माघारी न्हाई," ते म्हणाले. "मी संगं येतो."

आले. त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी टोपी मांडीवर ठेवून बसले. तिथल्या माणसाला त्यांनी भांडं उघडून दाखवायला लावलं आणि धुराकडे बघून हात जोडले.

नर्मदाला दिवस राहिले.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ती बाळंत झाली. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, दंगलीच्या भीतीनं एसट्या बंद होत्या. ती परभणीच्या दवाखान्यात, दाजी पेडगावला. बातमी कळली तसे ते स्टेशनात येऊन उभे राहिले आणि मिळाली त्या गाडीनं आले. मुलगी झाली होती. दाजींनी तिला हातात घेतलं, तिचे कान बघितले, बोटं मोजली, पावलं चाचपली. गोठ्यात नवं वासरू बघतात तसंच.

"सगळं जाग्यावर हाय," ते म्हणाले आणि रडायला लागले.

बारशाला सगळं पेडगाव जेवायला होतं. फेट्याचा मान माझा, भुजंगच्या मामाचा, म्हणून मी नवा सदरा घालून पाटाजवळ ताठ बसलो होतो. दाजींनी फेटा उचलला आणि माझ्यावरून पुढं जाऊन किशनरावांच्या डोक्याला बांधला. मी बघतच राहिलो! किशनराव ओशाळून गेले.

"आप्पाराव, ढोराच्या डाक्टराला फेटा?" पंगतीतून तात्याराव म्हणाला. "ते कामून?"

दाजींनी भुजंगकडे पाहिलं. भुजंग उठला. त्याच्या डोक्यावर आता दाट केस होते.

"मी सांगतो, तात्या," तो म्हणाला. "माझ्या रोगाच्या औषधानं मला लेकरू व्हणार न्हवतं. औषध सुरू व्हायच्या आधी मी माझं वीर्य मुंबईला गोठवून ठिवलं व्हतं. त्याच्यातून ही पोरगी झाली. आन् हे असं जगतंय, हे आमच्या घराला किशनरावांच्या नळीनं आधी दाखवलं. कुणाच्या पोरावर असली येळ आली तर त्यानं लाजू नये. आधी माझ्याकडं यावं."

दाजी तात्यारावाकडे वळले.

"आन् तात्या," ते म्हणाले, "माझी तांबू बी नळीतलीच निघाली. तुझ्या बैलानं माझी घमेलंभर पेंड फुकट खाल्ली बग!"

सगळी पंगत हसली, तात्याराव सगळ्यांत जास्त. हसण्याच्या त्या गलक्यात दाजी आत गेले आणि एक नवं लुगडं घेऊन आले. आक्का पाळण्याची दोरी धरून बसली होती. बायकांच्या घोळक्यात पुरुषानं जायची आमच्याकडे रीत नाही. दाजी गेले. सगळ्यांच्या देखत त्यांनी ते लुगडं स्वतःच्या हातानं तिच्या ओटीत ठेवलं.

"पुढच्या आठवड्यात पोखर्णीला जायलोय," ते म्हणाले. "दर साली जात जाईन. माघारी तुला काय करायचं ते करत जा. मला इचारू नको."

पोराच्या सगळ्या आजारपणात, आम्ही सगळे रडलो तेव्हासुद्धा, माझ्या बहिणीच्या डोळ्याला पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. ती लुगड्यात तोंड घालून रडली. पाळण्याची दोरी तिच्या हातून सुटली, ती दाजींनी धरली, आणि खाली बसून ते नातीला झोके द्यायला लागले.